काळ्या मातीवरचे अंगण: इंदुरातील घराबाहेरील फरसबंदीची सविस्तर माहिती

लोकमान्य नगरातील आमच्या घराच्या अंगणात काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत नवी कोटा दगडाची फरशी बसवून घेतली. मिस्त्रीचा हात स्वच्छ होता, सांधे सुतात होते आणि पहिला महिनाभर येणारा-जाणारा प्रत्येक जण अंगणाचे कौतुक करून गेला. पुढे पाऊस लागला आणि गणपती घरी आणण्याच्या दिवशी लक्षात आले, की लोखंडी फाटकाचे एक दार पूर्ण उघडत नाही, कारण क्यारीला लागून असलेली फरशांची ओळ वर उचलली गेली होती आणि दाराची खालची पट्टी तिच्यावर अडकत होती. पुढच्या उन्हाळ्यात त्याच फरशा पुन्हा खाली बसल्या, पण सांधे फुटलेले राहिले आणि दोन फरशांना आरपार तडा गेला. तुळशीवृंदावन मात्र जसेच्या तसे उभे होते, कारण वडिलांनी त्याच्याखाली वेगळा आणि खोल पाया घेतला होता.

दोष कोट्याचा नव्हता आणि मिस्त्रीचाही फारसा नव्हता. माळव्याच्या पठारावरील काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात ती सर्वांत आकसलेल्या अवस्थेत असताना तिच्यावर पातळसा कोबा घालून फरशी जखडली, तर तिने पावसाळ्यात ती उचलावी यात नवल काही नाही. म्हणून दगडाचा रंग आणि घडण यांच्याआधी मातीचा विचार व्हावा, हा या लेखाचा क्रम आहे. दुकानात मात्र नेमका याच्या उलट क्रम चालतो.

माती ओळखणे

मे महिन्यात मोकळ्या जागेत हाताचे बोट जाईल एवढ्या भेगा पडत असतील, तर माती फुगणारी आहे हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही. तरीही एक सोपी चाचणी घरी करता येते. अंगणात फूटभर खोलीवरची माती घ्यावी, उन्हात वाळवून बारीक कुटावी आणि स्वयंपाकघरातील सर्वांत बारीक चाळणीने चाळावी. काचेच्या दोन सारख्या, उभट आणि मापाच्या खुणा असलेल्या नळ्यांत १०-१० घनसेंटिमीटर माती घालून एकीत १०० मिलिलिटरपर्यंत पाणी आणि दुसरीत तितकेच रॉकेल भरावे, ढवळून हवा काढावी आणि दोन्ही २४ तास हलवू नयेत. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातील थर १६ आणि रॉकेलमधील १० घनसेंटिमीटर आला, तर मुक्त फुगवटा ६० टक्के झाला. भारतीय मानकांतील चाचणीचेच हे घरगुती रूप आहे. आकडा ५० च्या वर गेला की माती अतिशय फुगणारी समजावी.

अशा मातीवर काम करण्याचे दोन मार्ग आहेत. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी असे दाखवून दिले, की फुगणाऱ्या मातीवर स्वतः न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला, तर खालचा फुगवटा आवरला जातो. कालव्यांच्या अस्तरीकरणात ही पद्धत वापरली जाते. मात्र पूर्ण परिणामासाठी हा थर सुमारे मीटरभर जाड लागतो आणि घराच्या अंगणासाठी एवढे खोदकाम कोणी करत नाही, करूही नये. म्हणून दुसरा मार्ग धरावा: निम्म्या फुटाचा चांगला मुरूम भरून हालचाल कमी आणि एकसारखी करावी, आणि वर असे आच्छादन घ्यावे की जे उरलेल्या हालचालीबरोबर थोडे वर-खाली होऊनही फुटणार नाही. वाळूवर बसवलेले पेव्हर ब्लॉक हे असे आच्छादन आहे. कोब्यावर सिमेंटने जखडलेली फरशी तशी नाही.

काळी माती अजिबात काढता येत नसेल, तर तिच्या वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये वजनाच्या ३ ते ५ टक्के विरलेला चुना मिसळून, ओलावून दाबल्यास फुगवटा बराच घटतो. हे काम धुळीचे आणि किचकट आहे, चुना डोळ्यांना आणि कातडीला घातक आहे आणि मिश्रण एकजीव झाले नाही तर श्रम वाया जातात. लहान अंगणासाठी मी मुरूमच पसंत करतो.

कामाचा काळ दिवाळीनंतरचा ठेवावा. तेव्हा मातीत पावसाळ्याचा ओलावा शिल्लक असतो, ती ना पूर्ण फुगलेली असते ना पूर्ण आकसलेली, आणि सिमेंटच्या कामाला पाणी मारण्यासाठी हवाही सोयीची असते.

पाणी कोणीकडे जाणार

खोदण्याआधी एक दिवस केवळ उतार ठरवण्यासाठी द्यावा. अंगणाची पूर्ण झालेली पातळी जोत्याच्या ओलरोधक थरापेक्षा किमान १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच, खाली राहिली पाहिजे. जुन्या फरशीवर नवी फरशी चढवत गेलेल्या घरांत हे अंतर हळूहळू संपते आणि मग भिंतीला लोणा का लागतो, याचा शोध रंगाऱ्याकडे घेतला जातो.

उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, दर मीटरला १५ ते २० मिलिमीटर असावा. २० फूट लांबीच्या अंगणात हा फरक साधारण साडेतीन ते पावणेपाच इंच येतो. तो डोळ्यांना फारसा दिसत नाही, परंतु पाण्याला बरोबर समजतो. पातळी नेण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना खुणा करण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत खात्रीची आहे. नळीत बुडबुडा राहिलेला नाही एवढे मात्र पाहावे.

पाणी शेजाऱ्याच्या भिंतीकडे किंवा रस्त्यावर सोडू नये. जाळीची उथळ नाली करून ते शोषखड्ड्यात न्यावे आणि खड्डा घराच्या पायापासून किमान तीन मीटर दूर घ्यावा. येथे इंदुरात एक चूक वारंवार होते: खड्डा काळ्या मातीतच संपतो. ही माती पाणी जवळजवळ मुरू देत नाही, त्यामुळे पहिल्या दोन सरींनंतर खड्डा भरतो आणि पाणी परत अंगणात येते. काळ्या मातीचा थर ओलांडून खालच्या मुरमापर्यंत पोहोचल्याशिवाय तो खड्डा उपयोगाचा नाही.

दगड की ब्लॉक

पुण्या-सोलापूरकडील नातेवाईक ज्या सहजतेने शहाबादी म्हणतात, त्या सहजतेने आपण कोटा म्हणतो, कारण राजस्थानातील रामगंज मंडीच्या परिसरातून तो आपल्याकडे स्वस्तात येतो. हा बारीक कणांचा, निळसर-हिरवा किंवा तपकिरी चुनखडक आहे. चुनखडक असल्यामुळे आम्ल त्याला सोसत नाही. लिंबाचा रस टाकून पंधरा मिनिटांनी पुसला, तर पॉलिश केलेल्या कोट्यावर फिकट डाग दिसतो. म्हणून संडास-बाथरूमचे आम्ल कोट्याच्या अंगणात कधीही वापरू नये. बाहेर पॉलिश केलेला कोटा लावूच नये. ओला झाल्यावर तो अतिशय निसरडा होतो, आणि सकाळी सडा घातल्यावर तुळशीला पाणी घालायला जाणारी घरातील वडील मंडळीच त्यावर पहिली घसरतात. खडबडीत पृष्ठभागाचा कोटा, निदान २५ मिलिमीटर जाडीचा, ओटा आणि धुण्याची जागा येथे उत्तम ठरतो.

ग्वाल्हेर, शिवपुरी आणि धौलपूरकडील वालुकाश्म दिसायला सुंदर असतो. फिका रंग उन्हात कमी तापतो, त्यामुळे अनवाणी चालण्यासाठी तो बरा. त्याचे दोन अवगुण लक्षात ठेवावेत. तो सच्छिद्र असतो, म्हणून सावलीत आणि ओलीत त्यावर हिरवे शेवाळ लवकर धरते. शिवाय तो थराथरांनी घडलेला असल्यामुळे वाईट लादीचे पदर सुटतात. लादी उभी धरून हातोडीच्या दांड्याने हलके ठोकावे. चांगली लादी खणखणीत वाजते, पदर सुटलेली बद्द वाजते. काळा पाषाण तर आपल्या पायाखालचाच आहे आणि इंदुरातील होळकरांच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आहेत, वरचे चार लाकडी, हे शाळेच्या सहलीतच सर्वांना ऐकायला मिळते. काळा पाषाण झिजत नाही, पण मे महिन्याच्या दुपारी त्यावर पाय ठेववत नाही. पाऊलवाटेपुरता किंवा कडेच्या पट्टीपुरता तो घ्यावा.

पार्किंग टाइल्सबद्दल फार लिहीत नाही. त्यांना पूर्ण ताठ पाया लागतो आणि काळ्या मातीवर नेमका तोच देणे महाग पडते.

उरतात पेव्हर ब्लॉक, आणि माझे मत त्यांच्याच बाजूने आहे. बाजारात दोन जाती मिळतात: रबराच्या साच्यात ओतलेले, वरून चकचकीत आणि रंगीत, आणि यंत्राच्या दाबाखाली कंपनाने घडवलेले, किंचित खरखरीत. चकाकी दोन-तीन वर्षांत जाते आणि ओली असताना घसरते, म्हणून दुसऱ्या जातीचे घ्यावेत. केवळ पायी वापर असेल तर ५० मिलिमीटर जाडी चालते. मोटार उभी राहणार असेल तर ६० मिलिमीटर आणि एम-३५ प्रतीचे काँक्रीट हवे. पाण्याचा टँकर आत येत असेल तर ८० मिलिमीटर. ब्लॉक किमान २८ दिवसांचे झालेले असावेत. भारतीय मानकाच्या २००६ च्या आवृत्तीत सरासरी पाणीशोषण ६ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असे सांगितले आहे, आणि स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर त्याचा अंदाज घेता येतो. २०० × १०० × ६० मिलिमीटरचा ब्लॉक साधारण पावणेतीन किलो भरतो. तो चार दिवस कडक उन्हात वाळवून मोजावा, एक दिवस पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा मोजावा. वजन दीडशे ग्रॅमहून अधिक वाढले, तर तो माल परत करावा. शहरातील पाडकामाच्या मलब्यापासून पेव्हर ब्लॉक बनवणारा प्रकल्प इंदुरात आहे. तेथील ब्लॉक घेतले तरी हीच परीक्षा लावावी.

मापे आणि माल

१२ फूट रुंद आणि २० फूट लांब, म्हणजे २४० चौरस फुटांचे, मोटारीसह वापरायचे अंगण धरू. थर खालून वर असे येतात: मुरूम १५० मिलिमीटर, गिट्टी १०० मिलिमीटर, वाळू ३० मिलिमीटर आणि ब्लॉक ६० मिलिमीटर. एकूण ३४० मिलिमीटर, म्हणजे पूर्ण पातळीपासून साडेतेरा इंच खोदकाम. मुरूम दाबल्यावर १२० घनफूट भरतो, म्हणून सैल माल १५५ घनफूट मागवावा. गिट्टी दाबल्यावर ८० घनफूट, म्हणून सुमारे १०५. वाळू ३० घनफूट पुरते. ब्लॉक एका चौरस मीटरला ५० लागतात. अंगण २२.३ चौरस मीटरचे असल्यामुळे १,११५, आणि तुटफूट धरून ११७० घ्यावेत.

मुरूम घेताना मूठभर ओला करून दाबावा. गोळा वळला पाहिजे, पण हात चिकट होता कामा नये. चिकट झाला तर त्यात काळी माती मिसळलेली आहे आणि ती ट्रॉली दारातूनच परत पाठवावी. वाळू जाड, नदीची असावी. ओली वाळू दोन तळव्यांत चोळून झटकल्यावर तळव्यावर मातकट थर राहिला, तर ती बैठकीसाठी निकामी आहे. वाळूऐवजी क्रशरची चुरी टाकण्याचा आग्रह बहुतेक मिस्त्री करतात. न धुतलेल्या चुरीत बारीक भुकटी असते, ती पाणी धरून ठेवते आणि ब्लॉक खालून चिखलात बसल्यासारखे हलू लागतात. चुरी गिट्टीच्या थरात भरायला उत्तम आहे, बैठकीसाठी नाही.

पाया

खोदताना घराच्या भिंतीलगतची तीन फूट पट्टी वेगळी ठेवावी, तिचे काम पुढे सांगितले आहे. खोदलेल्या तळालाही वरच्याच उताराची घडण द्यावी, नाहीतर पाणी खालच्या खळग्यांत साचून माती एका जागी जास्त फुगवते. तळावर जिओटेक्स्टाइलचे न विणलेले कापड जोडांवर फूटभर चढवून अंथरावे. कापड नसेल तर काही पावसाळ्यांत काळी माती वर आणि मुरूम खाली, असे दोन्ही एकमेकांत शिरतात.

मुरूम एकदम ओतून वरवर दाबू नये. प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो. तो असेल तर १०० मिलिमीटरपर्यंतचा थर, आणि हाताच्या धुमसाने, ज्याला येथील मजूर दुरमुट म्हणतात, काम करायचे असेल तर ७५ मिलिमीटरचाच थर घ्यावा. प्रत्येक थराला पाण्याचा हबका द्यावा, चिखल करू नये. पूर्ण दाबलेल्या थरावर टाच जोराने दाबल्यावर ठसा उमटला नाही, म्हणजे पुढे जावे. गिट्टी ४० मिलिमीटरपासून खालच्या मिश्र आकाराची घ्यावी, तिच्यात चुरी झाडत-भरत, ओलावून दाबावी. गिट्टीच्या थराची पातळी सुतापासून १० मिलिमीटरपेक्षा जास्त चुकू देऊ नये. ही चूक वाळू जाड टाकून झाकली, तर नेमक्या त्याच जागी मोटारीच्या चाकाची चाकोरी पडते.

यानंतर कड बांधावी. ब्लॉक एकमेकांच्या आधाराने उभे असतात आणि बाहेरची ओळ सुटली की सगळे अंगण हळूहळू पसरते. कर्बचे दगड किंवा उभे ब्लॉक काँक्रीटमध्ये बसवून मागच्या बाजूने ब्लॉकच्या निम्म्या उंचीपर्यंत काँक्रीटचा आधार द्यावा आणि तीन दिवस पाणी मारावे.

ब्लॉक बसवणे

दोन समांतर पाइप गिट्टीवर योग्य उताराने ठेवून त्यांवरून अल्युमिनियमची पट्टी ओढावी, म्हणजे ३० मिलिमीटरची एकसारखी बैठक मिळते. पाइप काढून त्यांच्या खाचा भरून घ्याव्यात. एका वेळी तासाभरात झाकली जाईल तेवढीच वाळू पसरावी आणि पसरलेल्या वाळूवर पाय ठेवू नये. कामगाराने बसवलेल्या ब्लॉकवर उभे राहून पुढे सरकत जावे.

पहिली ओळ फाटकाच्या बाजूच्या सरळ कडेपासून धरावी आणि काटकोन ३-४-५ च्या मापाने तपासावा: एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, आणि दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट. जेथे चाके वळतात तेथे माशाच्या काट्यासारखी, म्हणजे हेरिंगबोन, मांडणी घ्यावी, कारण तिच्यात कोणत्याही दिशेने एक अखंड रेष सुटत नाही. ब्लॉक एकाच थप्पीतून न काढता तीन थप्प्यांतून आळीपाळीने घ्यावेत, नाहीतर रंगाचे पट्टे पडतात. सांधा २ ते ४ मिलिमीटरचा ठेवावा. कडेचे तुकडे कटरनेच कापावेत, आणि पूर्ण ब्लॉकच्या एक तृतीयांशाहून लहान तुकडा कोठेही येऊ देऊ नये.

दाबण्यापूर्वी ब्लॉक अपेक्षित पातळीपेक्षा ५ ते ८ मिलिमीटर वर असावेत. कॉम्पॅक्टरच्या तळाशी रबराची चटई लावून दोन फेऱ्या माराव्यात, चाळलेली कोरडी बारीक वाळू तिरप्या झाडूने सांध्यांत भरावी, पुन्हा दाबावे, पुन्हा भरावे. आठवड्याने सांधे खाली बसलेले दिसतील, तेव्हा आणखी एकदा भरावे. सांध्यांत सिमेंटचे पाणी ओतण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो नम्रपणे नाकारावा. त्याने ब्लॉकचे पुन्हा एका ताठ लादीत रूपांतर होते आणि फाटक अडकण्याची आमची कथा नव्याने सुरू होते.

भिंतीलगतची पट्टी आणि ओटा

ब्लॉकच्या सांध्यांतून थोडे पाणी खाली जाते. अंगणाच्या मध्यात ते चालते, परंतु घराच्या पायाशी काळी माती कधी ओली, कधी कोरडी होणे भिंतींना तडे देणारे असते. म्हणून भिंतीलगत तीन फूट रुंदीची पट्टी पाणी न झिरपणारी करावी: दाबलेल्या मुरमावर १०० मिलिमीटर काँक्रीट, त्यात ८ मिलिमीटरच्या सळ्यांची २०० मिलिमीटर अंतराची जाळी, आणि दर तीन मीटरला सांधा. भिंत आणि पट्टी यांच्यामध्ये १२ मिलिमीटरची फट ठेवून तळाशी थर्मोकोल आणि वर डांबरी किंवा सिलिकॉनचा मसाला भरावा, म्हणजे पट्टी हलली तरी भिंतीला ओढत नाही. याच पट्टीवर खडबडीत कोटा लावावा. २० ते ३० मिलिमीटर जाड, १:५ चा सिमेंट-वाळूचा मसाला पूर्ण पसरून, फरशीच्या पाठीला सिमेंटची लापी लावून ती बसवावी. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून फरशी टेकवणाऱ्याला तेथेच थांबवावे. दुसऱ्या दिवशी ठोकून पोकळ वाजणारी फरशी लगेच उचलता येते, आठवड्यानंतर ती फोडूनच काढावी लागते. काँक्रीटमधला सांधा फरशीतही त्याच रेषेत घ्यावा आणि सात दिवस ओली गोणपाटे टाकावीत.

फुलांची क्यारी या पट्टीला लागून करू नये. कडुलिंबासारख्या झाडाभोवती निदान मीटरभर त्रिज्येचा गोल मोकळा सोडावा. तुळशीवृंदावनाचा पाया वेगळा असल्यामुळे त्याच्याभोवती एका विटेच्या रुंदीची फट सोडून तिच्यात नदीचे गोटे भरावेत. आमच्याकडे आता तसे केले आहे. अंगण पावसाळ्यात सूतभर वर येते, मे महिन्यात खाली जाते, आणि गोटे ते दिसू देत नाहीत.

पहिल्या पावसाळ्यात

पहिल्या मोठ्या पावसानंतर अर्ध्या तासाने अंगणात जाऊन जेथे पाणी उभे असेल तेथे खडूने गोल आखावा, आणि पावसाळा संपेपर्यंत काही करू नये. काळ्या मातीला एक पूर्ण ऋतू स्थिरावू द्यावा. नोव्हेंबरमध्ये खुणेच्या जागचे ब्लॉक दोन उलथन्यांनी उचलून, खालची गिट्टी सुधारून, ताजी वाळू टाकून तेच ब्लॉक परत बसवावेत. एका दुपारचे काम आहे. पृष्ठभागावर पांढरा लोणा आला तर तो कोरड्या कडक ब्रशने झाडावा, पाण्याने धुतल्यास तो विरघळून पुन्हा आत जातो. शेवाळासाठी ब्रश आणि साधा साबण पुरेसा होतो. प्रेशर पंपाने धुवायचेच असेल तर फवारा तिरपा धरावा आणि नंतर सांधे पुन्हा भरावेत. उरलेल्या ब्लॉकांपैकी २५ नग परसात उन्हापावसात ठेवून द्यावेत, गोदामात नव्हे. पुढे बदलायची वेळ आली, तर त्यांचाही रंग अंगणातल्या ब्लॉकांइतकाच उतरलेला असतो.